ब्रेक कडक लागतो? बूस्टर बदलण्याआधी एक नळी तपासा

ताई, नमस्कार. मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. माझ्याकडे 2006 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, 1.8 टर्बो पेट्रोल. मामांनी हौसेनं घेतलेली, नंतर त्यांनी ती मला दिली. गाडीला मी स्टेज वन रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून घेतलंय. गेल्या पावसाळ्यापासून ब्रेक अधूनमधून एकदम कडक लागतो. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये सगळं ठीक असतं. पण रस्ता मोकळा मिळाला, गाडी जरा दाबली आणि लगेच ब्रेक मारला की पेडल आत जातच नाही, पूर्ण जोर लावावा लागतो. गायमुखच्या उतारावर एकदा पुढच्या टेम्पोला चिकटता चिकटता राहिलो. एबीएसचा दिवा लागत नाही. ब्रेक ऑइल कमी होत नाही. आयडलिंग, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असतानाचा वेग, मात्र किंचित वरखाली होतं. एका वर्कशॉपनं बूस्टर, मास्टर सिलेंडर आणि एबीएस युनिट तिन्ही बदलायला सांगितलंय, एस्टिमेट 88,000 रुपये. बाबा म्हणतात, गाडी भंगारात दे. घराचा हप्ता चालू आहे, एवढे पैसे नाहीत, पण गाडी सोडवतही नाही. कमी खर्चात नीट दुरुस्ती होईल का? आणि पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन लोणावळ्याला जायचं ठरलंय, या गाडीनं जाऊ का?
– अ., ठाणे

अ., सगळ्यात आधी गाडी उभी करा. पुढचं सगळं निदान सोसायटीच्या आवारात, गाडी जागेवर ठेवून करता येतं. गायमुखला टेम्पोच्या मागे जे झालं ते ट्रेलरच्या मागे व्हायला वेळ लागत नाही, आणि घोडबंदर रोडला ट्रेलरची कमी नाही. गॅरेजला न्यायचीच वेळ आली तर टोइंग बोलवा. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर पॉलिसी काढून बघा, बहुतेक वेळा त्यातच भागतं.

आता तुमच्या पत्राकडे. तुम्ही जे बारकाईनं लिहिलंय त्यातच निम्मं निदान आहे, आणि ते एस्टिमेटशी जुळत नाही.

पॉवर ब्रेकला ताकद कुठून येते ते आधी बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ड्रायव्हरच्या बाजूला, बॉनेटखाली मागच्या पत्र्याला लागून जो काळा गोल डबा असतो तो बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. इंजिन आयडलला असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा पोहोचवणाऱ्या भागात, व्हॅक्यूम तयार होतो. व्हॅक्यूम म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी दाब, तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात आणि इथे साधारण 18 ते 20 इंच असतो. तो एका नळीतून या डब्यात येतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना भरून राहतो. तुम्ही पेडल दाबलं की पडद्याच्या तुमच्याकडच्या बाजूला बाहेरची हवा आत येते. एका बाजूला हवेचा दाब, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलेंडरवर, म्हणजे ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपावर, जोर पडतो. दहा इंची पडदा धरला तर हा जोर तीनशे किलोच्या पुढे जातो. हा जोर मिळाला नाही तर उरतो फक्त तुमचा पाय. म्हणून पेडल कडक लागतं.

थोडक्यात, पेडल कडक लागत असेल तर गडबड हवेच्या बाजूला शोधायची. पेडल स्पंजसारखं दबतंय किंवा हळूहळू खाली सरकतंय, तर ऑइलच्या बाजूला. तुमचं पेडल खाली जात नाही, ऑइल कमी होत नाही, एबीएसचा दिवा लागत नाही. मग मास्टर सिलेंडर आणि एबीएस युनिट कोणत्या तपासणीत खराब निघालं, हे त्या वर्कशॉपला विचारायलाच हवं. टेस्ट केल्याशिवाय तीन मोठे पार्ट बदलायला सांगणं मला अजिबात पटत नाही. गाडी जुनी आणि मालकाचा तिच्यावर जीव, हे दिसलं की एस्टिमेट फुगतं, आणि त्यात तुमच्यासारखी हप्ते फेडणारी मुलं भरडली जातात.

तुमच्या गाडीत एक गोष्ट जास्तीची आहे, ती म्हणजे टर्बो, इंजिनमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंखा. साध्या पेट्रोल गाडीत मॅनिफोल्डमध्ये फार तर व्हॅक्यूम कमी होतो. टर्बो गाडीत तुम्ही अॅक्सिलरेटर दाबला की तिथे उलट दाब तयार होतो, तोच बूस्ट. हा दाब बूस्टरमध्ये शिरू नये आणि आतला साठवलेला व्हॅक्यूम निघून जाऊ नये म्हणून नळीत वन-वे व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो फक्त इंजिनच्या दिशेनं हवा जाऊ देतो. हा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, किंवा त्याच्या आणि बूस्टरच्या मधल्या नळीला तडा गेला असेल, तर काय होतं बघा. सिग्नलला गाडी आयडलला असते, व्हॅक्यूम सतत तयार होत असतो, गळतीवर मात करतो, ब्रेक छान लागतो. मोकळ्या रस्त्यावर तुम्ही गाडी दाबता, मॅनिफोल्डमध्ये बूस्ट येतो, आणि तेवढ्या वेळात बूस्टर रिकामा होतो. लगेच ब्रेकवर पाय गेला तर मदतीला काही शिल्लक नसतं. दोन-चार सेकंदांनी व्हॅक्यूम परत भरतो आणि पेडल पुन्हा नरम. तुम्ही लिहिलंय ते अगदी हेच. गायमुखला पेडल काही क्षणांनी आपोआप नरम झालं होतं का, ते आठवून बघा. रस्त्यावर जाऊन पुन्हा करून मात्र बघू नका.

गॅरेजमध्ये हा दोष का सापडत नाही, तेही यातच आलं. तिथे गाडी आयडलला ठेवून पेडल दाबून बघतात, आणि आयडलला तर सगळं चोख असतं. मग अंदाजानं पार्ट लिहिले जातात.

तुम्हाला घरी करायच्या तीन तपासण्या सांगते. गाडी सपाट जागेवर, उघड्यावर उभी करा. बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, धूर साठतो आणि तो जिवावर बेततो. चाकांना पुढून-मागून विटा लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला.

पहिली: इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, पूर्ण कडक होईपर्यंत. मग पेडल दाबून धरा आणि गाडी स्टार्ट करा. पेडल पायाखाली थोडंसं खाली गेलं पाहिजे. गेलं तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोहोचतोय आणि पडदा काम करतोय. माझा अंदाज आहे की तुमची गाडी यात पास होईल. तेवढ्यावर खूश होऊन थांबू नका.

दुसरी तपासणी तुमच्यासाठी खरी महत्त्वाची. इंजिन दोनेक मिनिटं चालू ठेवा, पेडलला हात-पाय न लावता बंद करा, आणि पाच मिनिटं थांबा. आता पेडल दाबा. चांगल्या गाडीत पहिले दोन-तीन दाब नरम लागतात, मग कडक होत जातात. पहिलाच दाब कडक लागला तर साठा टिकत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह, नळी, बूस्टरच्या तोंडाचं रबर किंवा खुद्द बूस्टर, यांपैकी काहीतरी गळतंय. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळी पहिला ब्रेक कडक लागला तर त्याची एवढी काळजी नको, तेवढ्या तासांत साठा उतरू शकतो. पाच मिनिटांत उतरणं हा दोष.

तिसरी: इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा, आणि अर्धा मिनिट पाय हलवू नका. पेडल आहे तिथेच राहिलं पाहिजे. पायाला वर ढकलायला लागलं तर व्हॅक्यूम गळतोय. पायाखालून खाली सरकायला लागलं तर मास्टर सिलेंडर आतून गळतोय किंवा ऑइल कुठेतरी बाहेर पडतंय, आणि मग मी वर म्हटलेलं सगळं बदलतं. तेव्हा गाडी जागची हलवायची नाही.

हे करताना एकाला बाहेर बॉनेटपाशी उभं करा आणि स्वतः आत नीट ऐका. पेडल दाबून धरल्यावर पायापाशी ‘सुस्स’ असा आवाज सतत येत राहिला आणि त्याच वेळी इंजिनचं आयडलिंग बदललं, तर पडदा फाटल्याची शक्यता आहे. तुम्ही असा आवाज लिहिलेला नाही. आयडलिंग पेडलला पाय न लावताही वरखाली होतंय, म्हणजे संशय बूस्टरच्या अलीकडच्या नळ्यांवर जास्त जातो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या ओबीडी स्कॅनरवर पी0171 कोड दिसला, म्हणजे इंजिनला हवा जास्त मिळतेय असं निघालं, तर त्या संशयाला पक्का आधार मिळाला.

आता बॉनेट उघडा आणि बूस्टरच्या डब्यातून निघणारी नळी बोटांनी चाचपत मॅनिफोल्डपर्यंत जा. तुमच्या इंजिनमध्ये ही बरीचशी कडक प्लॅस्टिकची असते, मध्ये रबरी जोड असतात, आणि बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्हच्या जोडीला व्हॅक्यूम वाढवणारा एक छोटा जेट पंप असतो. तो मॅनिफोल्डच्या मागे, सहज नजरेला पडणार नाही अशा जागी. एवढ्या वर्षांच्या उष्णतेनं हे प्लॅस्टिक बिस्किट होतं. रबरी जोड इंजिनच्या तेलकट वाफेनं फुगून मऊ पडतात. टॉर्च मारून जोडाच्या खालच्या बाजूला, जिथे क्लिप आवळलेली असते तिथे बघा. तडा नेहमी वरून दिसत नाही, जोड किंचित वाकवला की उघडतो. आणि तुम्ही ‘पावसाळ्यापासून’ लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगते, उंदरांच्या दातांच्या खुणा शोधा. पावसात घोडबंदरच्या सोसायट्यांतले उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येऊन बसतात आणि वायरी-नळ्या कुरतडतात. कुरतडलेली एक नळी एवढं सगळं करू शकते.

व्हॉल्व्ह तपासायला हत्यार लागत नाही. तो काढून, पुसून, बूस्टरकडच्या टोकातून फुंका: हवा गेली पाहिजे. इंजिनकडच्या टोकातून फुंका: जाता कामा नये. थोडीशी जरी गेली तरी तो बाद. नळी बूस्टरमधून काढताना मात्र घाई करू नका. ती ज्या रबरी ग्रोमेटमध्ये बसते तो जुना होऊन कडक झालेला असतो. उपटायला गेलात तर फाटतो, आणि परत बसवताना जोर लावलात तर अख्खा ग्रोमेट बूस्टरच्या आत पडतो. मग खरोखरच बूस्टर उतरवावा लागतो. नळी हळूहळू फिरवत सोडवा, बसवताना ग्रोमेट नवा घाला आणि त्याला रबरावर चालणारं ब्रेकचं ग्रीस लावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको.

गळती शोधायला साबणाचं पाणी इथे उपयोगाचं नाही, कारण बुडबुडा येण्याऐवजी पाणी आत ओढलं जातं. काही मेकॅनिक गरम इंजिनवर ब्रेक क्लीनर फवारून आयडलिंग बदलतंय का ते बघतात. ते पेट घेणारं द्रव्य आहे, तुम्ही ते करू नका. धुराचं मशीन असलेल्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात गळती डोळ्यांनी दिसते. वागळे इस्टेटला किंवा तुर्भे एमआयडीसीच्या बाजूला स्कोडा-फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांवर काम करणारी स्वतंत्र गॅरेजेस शोधा, आणि फोनवर दोनच प्रश्न विचारा: धुराची टेस्ट करता का, आणि टी-जोड लावून बूस्टरच्या नळीवर व्हॅक्यूम गेज, म्हणजे व्हॅक्यूम मोजणारं मीटर, लावून दाखवाल का. ‘हो’ म्हणणारा माणूस तुमच्या कामाचा.

नळी बदलायची झाली तर तिथल्या तिथे मिळाली म्हणून साधी पाण्याची किंवा गॅसची नळी घालू देऊ नका. शहाळ्यात जोरात ओढल्यावर स्ट्रॉ जशी चपटी होते तशी ती व्हॅक्यूमनं आत चपटी होते, आणि ब्रेक पुन्हा कडक. व्हॅक्यूमसाठीची, आत दोरा विणलेली नळीच लागते. तुमचं रिमॅप लक्षात घेता जुन्या क्लिपांच्या जागी चांगल्या क्लॅम्प लावून घ्या. वाढलेला बूस्ट या जोडांवर आणि व्हॉल्व्हवर रोज जास्त जोर टाकतो. दुरुस्ती होऊन गेजवर व्हॅक्यूम नीट दिसेपर्यंत गाडी कंपनीच्या मूळ मॅपवर आणलीत तर उत्तमच.

व्हॉल्व्ह, नळी, ग्रोमेट, क्लॅम्प आणि मजुरी मिळून जो खर्च येईल तो तुमच्या एस्टिमेटच्या जवळपासही जाणार नाही. हे झाल्यावर दुसरी तपासणी पुन्हा करा. आता साठा टिकला तर विषय संपला. नव्या व्हॉल्व्हनंतरही टिकला नाही, तरच बूस्टरकडे वळा.

बूस्टर बदलण्याआधी एक काम करून घ्या. मास्टर सिलेंडरचे दोन नट सोडवून तो किंचित पुढे घ्यायचा आणि मागे, बूस्टरच्या तोंडाशी, ओल आहे का बघायची. मास्टर सिलेंडरची मागची सील गेली की ब्रेक ऑइल बाहेर कुठेही न दिसता बूस्टरमध्ये ओढलं जातं आणि रबरी पडदा खाऊन टाकतं. तुमचं ऑइल कमी होत नाही म्हणून मला ही शक्यता कमी वाटते. पण ओल असेल तर नुसता बूस्टर बदलून उपयोग नाही, नवा पडदाही तसाच जाईल. दोन्ही एकदम बदलावे लागतील.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बूस्टर वापरलेला चालतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच. जाताना हातपंपाचा व्हॅक्यूम गेज सोबत न्या, दुकानातच बूस्टरला लावून 20 इंचापर्यंत ओढा आणि काटा मिनिटभर हलतो का बघा. हलला तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. लेबलवरचा पार्ट नंबर तुमच्या जुन्याशी जुळला पाहिजे, आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीचाच हवा. बसवताना बूस्टरमधून मास्टर सिलेंडरकडे जाणाऱ्या रॉडची लांबी जुन्याशी मोजून घ्यायला सांगा. रॉड थोडा लांब राहिला तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत, डिस्क तापत जातात आणि गाडी चालता चालता जाम होते. आखूड राहिला तर पेडल उगाच खोल जातं. हे मोजायला दहा मिनिटं लागतात आणि बरेच जण ती देत नाहीत.

मास्टर सिलेंडर, रबरी ब्रेक होज आणि पॅड मात्र कधीही वापरलेले घेऊ नका. ‘किट टाकून देतो, घासून देतो’, म्हणजे जुन्याच सिलेंडरमध्ये नव्या सील घालतो, असं कुणी म्हणालं तर अॅल्युमिनियमच्या सिलेंडरला नकार द्या. आतला थर घासला गेला की नवी सील फार टिकत नाही. पॅडही मूळ दर्जाचे घ्या. रेसिंगचे म्हणून विकले जाणारे कडक पॅड थंड असताना धरत नाहीत, आणि ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते तापणार कधी?

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? पत्रात नाही, म्हणजे बहुधा मामांच्या वेळी. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे खाडीच्या काठावर ओलीला तोटा नाही. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्याची किमान मर्यादा 155 वर येते. घाट उतरताना ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, सीलबंद डब्यातलंच घ्यायचं, एक लिटर पुरतं. डॉट 5 कुणी दिलं तर परत करा, ते सिलिकॉनचं असतं आणि तुमच्या गाडीत चालत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना ब्रेक ऑइलची वरची टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका. हवा एबीएस युनिटमध्ये शिरली तर ती काढायला स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. पुष्कळदा पेडल स्पंजसारखं लागतं ते यामुळेच, आणि दोष चांगल्या एबीएस युनिटवर ढकलला जातो.

त्याच वेळी मागचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, मोकळे हलतात का बघून घ्या. तुमच्या गाडीत हँडब्रेक त्यांच्यातूनच चालतो आणि पावसात उभ्या गाडीचे ते हमखास धरतात. पिस्टन आत घेताना फिरवत घ्यायचा असतो, सी-क्लॅम्पनं दाबायचा नाही. कॅलिपर त्यातच मरतात.

दोन गोष्टी चालवण्याबद्दल. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करू नका. साठ्यावर दोन-तीन ब्रेक मिळतात, पुढे फक्त पायाचा जोर. आणि कधी पेडल कडक लागलंच तर घाबरून पंपिंग करू नका, प्रत्येक पंपाला उरलासुरला व्हॅक्यूमही जातो. पूर्ण ताकदीनं दाबून धरा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा.

बाबांना माझा निरोप द्या की त्यांची काळजी रास्त आहे. पण भंगाराचा निर्णय गेजचा काटा बघून घ्या, एस्टिमेट बघून नको. शिवाय पंधरा वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते आणि प्रत्येक वेळी गाडीची तपासणी होते. ब्रेकचं हे काम त्यासाठीही लागणारच आहे.

लोणावळ्याला या गाडीनं जायचं असेल तर तिन्ही तपासण्या लागोपाठ दोन दिवस पास झाल्या पाहिजेत आणि ऑइल नवं असलं पाहिजे. त्यानंतर आठवडाभर एकट्यानं, दिवसा, कोलशेतच्या आतल्या रस्त्यांवर चालवून बघा. हे सगळं त्या तारखेआधी होत नसेल तर घरच्यांना ट्रेननं न्या. दुसऱ्या तपासणीचा निकाल आणि गेजवरचा आकडा मला कळवा, त्यावरून पुढचं सांगते.